इंजिन बांधून घेतलेल्या बुलेटचं तेल कुठून गळतंय, हे कसं शोधायचं

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नव्वदच्या दशकातली, चार गिअरची, बिडाच्या ब्लॉकची बुलेट ३५०. इंजिन पूर्ण उघडून क्रँकला नवीन बिग एंड (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग) टाकला, ब्लॉकला बोअर मारला, नवा पिस्टन, नव्या रिंगा, सगळी पॅकिंगं नवी. दोनेकशे किलोमीटर झाल्यावर गाडीखाली डाग पडू लागला. मेकॅनिकने टायमिंग कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या उजव्या बाजूच्या झाकणाचं, पॅकिंग दोनदा बदललं, दुसऱ्या वेळी भरपूर सिलिकॉनही लावलं, तरी डाग आहेच. आता तुम्ही विचारता की पॅकिंग कुठल्या कंपनीचं घालू.

कंपनीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. बरं पॅकिंग दोनदा घालूनही तेल येतं, याचा अर्थ बहुतेक वेळा दोनपैकी एक असतो. एक तर तेल तिथून येतच नाही, दुसरीकडून येऊन तिथे जमतं. नाहीतर आत दाब इतका साठतोय की कुठलाही जोड तेल सोडणारच. दोन्ही प्रकारांत पॅकिंग बदलून उपयोग नाही. म्हणून आधी तीन गोष्टी ठरवायच्या: तेल कुठलं, निघतं कुठून, आणि त्याला बाहेर ढकलतंय कोण.

काही गोष्टी तुमच्या गाडीवर अवलंबून आहेत. या इंजिनात वर्षानुवर्षं बारीक बदल होत गेले. ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेची, रचना सगळ्या गाड्यांत सारखी नाही, काही ठिकाणी इंची आटे आहेत तर काही ठिकाणी मिलिमीटरचे. शिवाय तीस वर्षांत आधीच्या मालकांनी काय काय बदललं ते गाडी समोर असल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे खालचा क्रम सगळ्यांना लागू आहे, पण प्रत्येक भागाची नेमकी जागा तुमच्या गाडीवर बघून घ्या.

या गाडीत तेलाचे तीन वेगळे साठे आहेत. इंजिन ऑइल साधारण सव्वादोन लिटर, त्याची टाकी चेंबरच्याच (क्रँक ज्यात फिरतो त्या क्रँककेसच्या) मागच्या भागात, एकाच ओतकामात बनवलेली. डाव्या बाजूच्या प्रायमरी केसमध्ये, म्हणजे क्लच आणि प्रायमरी चेनसाठी, चारशे मिलीच्या आसपास वेगळं तेल. आणि मागे गिअरबॉक्सचं स्वतंत्र तेल. तिन्ही जण खाली उतरून एकाच ठिकाणी ठिपकतात. गिअर ऑइल वासावरून ओळखू येतं, ईपी ९० ला गंधकाचा उग्र वास असतो आणि बोटाला ते जास्त चिकट लागतं. इंजिन आणि प्रायमरी दोन्हींत २०डब्ल्यू-५० ग्रेडचं इंजिन ऑइल असेल तर मात्र नुसतं बघून फरक कळणार नाही. अशा वेळी प्रायमरीचं तेल काढून तपासणीपुरतं लाल रंगाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) भरा. क्लचला त्याचा त्रास होत नाही, बरेच जण कायम तेच वापरतात. जमिनीवरचा ठिपका लाल पडला तर टायमिंग कव्हरचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, हे लगेच कळेल.

आता धुणं. ही पायरी लोक टाळतात आणि नंतर महिनाभर चाचपडत बसतात. इंजिन गार असताना डिझेल किंवा रॉकेल आणि ब्रशने वरपासून खालपर्यंत धुवा: फिन्सच्या मधली जागा, ब्लॉकच्या मागे, कार्ब्युरेटरच्या खाली, मॅग्नेटच्या बाजूचा कोपरा, सेंटर स्टँडच्या वरचा भाग. मग साबणाच्या पाण्याने धुऊन हवा मारून कोरडं करा. जोडांच्या रेषा शेवटी थिनरच्या फडक्याने पुसा. पेट्रोलने धुऊ नका, आणि गरम इंजिनावर तर मुळीच नको. कोरड्या झालेल्या प्रत्येक जोडावर मऊ ब्रशने टाल्कम पावडरचा पातळ थर द्या. पावडरीवर तेलाचा पहिला ओरखडा कुठे उमटतो ते स्पष्ट दिसतं. तेलात टाकायचा यूव्ही रंग आणि जांभळा टॉर्च मिळाला तर काम आणखी सोपं होतं. बुलेटमध्ये इंजिनचं तेल क्लचपर्यंत जात नाही, त्यामुळे क्लच घसरण्याची काळजी नाही.

मग तपासणी टप्प्याटप्प्याने करा. गाडी मेन स्टँडवर, खाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चाकांची आणि चेंबरची जागा पेनाने आखून घ्या. आधी रात्रभर न चालवता ठेवा. नंतर दहा मिनिटं जागेवर आयडलिंगला चालवून बघा. मग पाचेक किलोमीटर सावकाश, आणि शेवटी वीस किलोमीटर हायवेच्या वेगाने. प्रत्येक टप्प्यानंतर टॉर्च घेऊन सगळ्यात उंचावरची ओली जागा शोधा. तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं, म्हणून सर्वात वरची आणि सर्वात पुढची ओली जागा हाच उगम समजायचा. टप्पाही बरंच सांगून जातो. उभ्या गाडीतून गळत असेल तर टाकीच्या पातळीखालचा जोड, ड्रेन प्लग किंवा सील. आयडलिंगला कोरडी राहते आणि वेगात ओली होते, तर दाबाचा संशय धरा. फक्त सकाळी सुरू केल्याबरोबर तेल ओकते आणि मग थांबते, तर तेल टाकीतून चेंबरमध्ये उतरलंय.

या दाबाबद्दल सविस्तर लिहितो, कारण दोनदा पॅकिंग बदलून न थांबणाऱ्या गळतीत माझा पहिला संशय इथेच असतो. एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर बोअर (आतला व्यास), ९० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास). पिस्टन खाली येताना दर वेळी ३४६ सीसी हवा चेंबरमध्ये दाबतो. ३००० आरपीएमला हे सेकंदाला पन्नास वेळा होतं. ही हवा बाहेर जायला ब्रीदर दिलेला आहे, आणि त्यात एकमार्गी झडप आहे, काही गाड्यांत चपट्या तोंडाचं रबर, काहींत चकती. हवा बाहेर जावी, पण पिस्टन वर जाताना आत परत येऊ नये. झडप नीट असली की चेंबरमध्ये सरासरी दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमीच राहतो आणि जोडांमधून तेल बाहेर यायला कारणच उरत नाही. रबर कडक झालं, उलटं बसलं, नळी दुमडली, किंवा इंजिन बांधताना ब्रीदरच्या भोकात सिलिकॉनचा गोळा गेला, की तोच दाब सर्वात कमकुवत जोडातून वाट काढतो. तो जोड घट्ट केला की दुसरा. म्हणून असल्या इंजिनात गळती जागा बदलत राहते.

तपासायचं असं. ब्रीदरच्या नळीचं टोक एका पारदर्शक बाटलीत, स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये जेमतेम एक सेंटिमीटर बुडवा. झडप नळीच्या टोकालाच असेल तर ती काढू नका, तशीच बुडवा. पाणी वापरू नका, झडप खराब असेल तर ते आत ओढलं जाईल. इंजिन सुरू करा. सुरुवातीला भराभर बुडबुडे येतील आणि आयडलिंग स्थिर झाल्यावर ते बरेच कमी व्हायला हवेत. तेल नळीत वर-खाली होत असेल तर झडप धरत नाही. बुडबुडे एकसारखे जोराने येतच राहिले, तर रिंगांजवळून वायू खाली येतोय. आणि बुडबुडाच नसेल तर नळी किंवा भोक बंद आहे, इंजिन लगेच बंद करा.

रिंगांबद्दल घाई नको. नव्या बोअरमध्ये रिंगा बसायला पाचशे ते हजार किलोमीटर लागतात, तोवर थोडा वायू खाली येणारच. पण त्या काळात गाडी नुसती आयडलिंगवर तापवली किंवा अगदी रांगत चालवली, तर बोअरला चकाकी येते आणि रिंगा बसतच नाहीत. मध्यम वेगात, चढाला थोडं ओझं देत, एकाच आरपीएमवर न अडकता चालवायला हवी. खात्री करायची असेल तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक धरून ठेवा आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा. फुस्स आवाज ब्रीदरमधून आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट वाल्व, कार्ब्युरेटरमधून आला तर इनलेट. ब्रीदरमधून हवेचा झोतच येत असेल तर बोअरचं माप, रिंगेची फट (७० मिलिमीटर बोअरला साधारण ०.३ मिलिमीटर) आणि रिंग उलटी बसली का, हे ब्लॉक उचलून बघावंच लागेल.

दाबाच्याच जोडीला दुसरा प्रकार, तेल चेंबरमध्ये उतरणं. टाकीतलं तेल पंपाच्या चकतीतून हळूहळू झिरपून क्रँकच्या जागेत जातं. थोडं उतरणं या इंजिनाचा स्वभाव आहे. पण चकती नीट घासून बसवलेली नसेल तर दोन दिवसांत बरंच उतरतं. मग सुरू करताच क्रँक ते तेल फेटतो, ब्रीदर ओकतो, सायलेन्सरमधून निळा धूर येतो. यातून एक वाईट सवय लागते. सकाळी डिपस्टिकवर पातळी कमी दिसते, माणूस पाव लिटर ओततो, आणि परतीच्या पंपाने चेंबर रिकामं केलं की टाकी गळ्यापर्यंत भरते. तुमच्याकडे हे झालं असण्याची बरीच शक्यता आहे, म्हणून पातळी नेहमी दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आल्यावर लगेच मोजा आणि वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. गाडी तीन-चार दिवस उभी राहिल्यावर चेंबरचा ड्रेन प्लग उघडून किती तेल निघतं तेही मापाने बघा. खूप निघालं तर पंपाच्या चकत्या काढून व्हॉल्व ग्राइंडिंग पेस्टने त्यांच्या जागेवर घासाव्या लागतील. नंतर पेस्टचा कणही आत राहता कामा नये. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर कार्ब्युरेटरची फ्लोट सुई गळतेय. पातळ झालेलं तेल चांगल्या जोडातूनही झिरपतं.

दाब आणि पातळी ठीक असेल तर मगच जोड. वरून सुरू करा. रॉकरला (हेडमध्ये वाल्व दाबणाऱ्या दांड्यांना) तेल नेणाऱ्या बारीक पाइपांच्या बोल्टांखाली तांब्याचे वायसर असतात. ते एकदा दाबले की कडक होतात. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवले की पुन्हा मऊ होतात, नाहीतर नवे घाला. इथलं तेल फिन्सवरून उतरून थेट टायमिंग कव्हरवर येतं, म्हणून हा पाइप आधी बघायचा. रॉकर कव्हरच्या नटांना बेताने आवळा, कडा वाकली की पॅकिंग धरत नाही.

हेड पॅकिंगमधून तेल यायचं तर ते उजव्या बाजूला, पुशरॉडच्या (खालून रॉकरला ढकलणाऱ्या सळ्यांच्या) बोगद्यांजवळ येणार, कारण रॉकरचं तेल त्याच वाटेने खाली परततं. बाकी घेरातून बाहेर येणारा बहुतेक वायूच असतो, त्याची काळी रेघ दिसते. इंजिन बांधल्यावर पहिल्या तीनशे ते पाचशे किलोमीटरमध्ये, पूर्ण गार असताना, हेडचे नट तिरक्या क्रमाने पुन्हा आवळायला हवेत. हे राहिलं असेल तर आधी तेच करा. नंतर पुशरॉडचं अंतर परत बघा, गार इंजिनात रॉड वर-खाली हलता कामा नये, पण बोटाने सहज फिरला पाहिजे.

टॅपेटचं झाकण, म्हणजे पुशरॉडच्या खालच्या टोकांवरचं, एकाच नटावर आहे. गळायला लागलं की लोक आणखी पिळतात, पत्रा मध्ये खोल जातो आणि कडा उचलल्या जातात. काचेवर ठेवून बघा, डुलत असेल तर हातोडीने हलकं सरळ करा. हे झाकण काढलंच आहे तर आतला, ब्लॉक धरणारा नट आवळलेला आहे का तेही बघा. तो विसरला जातो आणि मग बेस पॅकिंग उजव्या कोपऱ्यातून तेल सोडतं.

बेस पॅकिंगचं आणखी एक कारण तुमच्या इंजिनाला विशेष लागू आहे, कारण क्रँकसाठी चेंबर फोडलं होतं. चेंबरचे दोन भाग पुन्हा जोडताना त्यांची वरची तोंडं एका पातळीत आली नाहीत तर ब्लॉकखाली, पुढच्या आणि मागच्या बाजूला जोडाच्या रेषेवर बारीक पायरी राहते. स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) बघायचं. ०.०५ मिलिमीटरची पत्ती सहज जात असेल तर कागदी पॅकिंग ती फट भरू शकत नाही. ब्लॉक काढल्याशिवाय हे दिसत नाही, पण ओल बरोबर मध्यरेषेवर, ब्लॉकच्या पायाशी उमटत असेल तर संशय पक्का समजा.

आता तुमचं टायमिंग कव्हर. सिलिकॉन लावून ते थांबलं नाही याची मला चिंता गळतीपेक्षा वेगळ्या कारणाने वाटते. या कव्हरमधून तेलाच्या वाहिन्या जातात, आणि क्रँकच्या टोकाला तेल पोचवणारी बुचाची छोटी सील कव्हरच्या दाबावर बसते. जाड पॅकिंग किंवा दोन पॅकिंगं एकावर एक घातली की सीलवर दाब कमी पडतो, तेल बिग एंडला जाण्याऐवजी टायमिंगच्या कप्प्यात सांडतं, आणि नव्या बिग एंडची वाट लागते. सिलिकॉनचा जादा भाग आत दाबला जाऊन तुटला तर तो वाहिनी बुजवतो. म्हणून हे कव्हर एकदा उघडून साफ करणं मी तुम्हाला सक्तीचं सांगतो, गळती दुसरीकडून निघाली तरीही. सील दर वेळी नवी घाला. पॅकिंग मूळ जाडीचं, एकच. बाजारातल्या पॅकिंगला कधी कधी वाहिनीचं एखादं भोकच नसतं, ते चेंबरवर धरून प्रत्येक भोक जुळवून बघा. बसवल्यावर आयडलिंगला रॉकर पाइपचा वरचा बोल्ट किंचित सैल करून तेल येतंय याची खात्री करा.

याच कव्हरचा आणखी एक घोळ स्क्रूंचा. त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो, पाना घट्ट लागतो, पण कव्हर दाबलंच जात नाही. सगळे स्क्रू आधी हाताने टेकवून बघा, आवळण्याआधी सगळ्यांची डोकी सारख्याच उंचीवर राहिली पाहिजेत. जास्त बफिंग केलेल्या कव्हरची कडाही गोलावते. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून, त्यावर कव्हर आठच्या आकड्यात फिरवा. सगळीकडे सारखी नवी चकाकी येईपर्यंत घासा, मग भुकटी पूर्ण धुऊन काढा. पृष्ठभाग सरळ असेल तर कागदी पॅकिंगला ग्रीसचा हात पुरतो. सिलिकॉन फक्त चेंबरच्या दोन भागांच्या जोडाला, जिथे पॅकिंगच नसतं, आणि तेही अगदी पातळ. स्क्रू आवळताना मनगटाचा जोर पुरे. आटे गेले असतील तर हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवून घ्या, टेप गुंडाळून स्क्रू घालू नका.

ठिपका लाल निघाला तर प्रायमरी. बाहेरचं कव्हर मधल्या एकाच नटावर आणि रबरी सीलवर असतं, रबर खाचेत पीळ न पडता बसलं पाहिजे. लेव्हल स्क्रूमधून पातळीही बघा. प्रायमरीचं तेल आपोआप वाढत असेल तर क्रँकचं डावं सील इंजिन ऑइल तिकडे सोडतंय, आणि बाहेर गळती नसताना कमी होत असेल तर तेच सील उलट दिशेने आत ओढतंय. गिअर ऑइल असेल तर मागच्या चेनच्या स्प्रॉकेटजवळचं सील, किंवा उजवीकडे किक आणि गिअरच्या शाफ्टची जागा. काही गाड्यांत ब्रीदरची नळी मागे चेनकडे सोडलेली असते, ते तेलही याच भागात जमतं आणि फसवतं.

तुमच्या जागी मी हा क्रम धरेन: पातळी गरम इंजिनावर मोजून बरोबर करणं, ब्रीदरची बाटलीची चाचणी, हेडचे नट, मग धुणं आणि पावडर, आणि शेवटी टायमिंग कव्हर उघडून सिलिकॉन साफ करणं. चेंबर पुन्हा फोडायला कोणी सांगितलं तर या पाचही गोष्टी होईपर्यंत थांबा.

पुढचं नेमकं सांगायला मला इतकं लागेल: बाटलीत बुडबुडे कसे आले, तीन दिवस उभ्या गाडीच्या चेंबरमधून किती मिली तेल निघालं, ठिपक्याचा रंग कोणता, आणि पावडर पहिल्यांदा कुठे आणि कोणत्या टप्प्यावर ओली झाली त्याचे फोटो, उजव्या आणि डाव्या दोन्ही बाजूंनी.